बास्केटबॉल विश्वचषक २०२३: कोण मारणार बाजी?

काटकोन | २६ ऑगस्ट २०२३

पुरुषांचा बास्केटबॉल विश्वचषक कालपासून सुरू झालाय. आपल्या पेपरांत क्रीडापानाच्या तळाशी चार ओळी आल्या तर आल्या, म्हणून हा धागा काढतोय. ३२ संघ आणि यजमान तीन: फिलिपिन्स, जपान आणि इंडोनेशिया. त्यात इंडोनेशियाचा स्वतःचा संघ पात्रच ठरलेला नाही, त्यामुळे जकार्तात घरच्या मांडवात नुसती वाढपीगिरी.

काल मनिलाजवळच्या फिलिपीन अरेनात उद्घाटनाच्या सामन्याला ३८,११५ लोक होते. विश्वचषकातला हा विक्रम. आधीचा विक्रम १९९४ च्या टोरांटोतल्या अंतिम सामन्याचा होता, ३२,६१६. एवढ्या गर्दीसमोर फिलिपिन्स डॉमिनिकन रिपब्लिककडून ८१-८७ हरलं. जॉर्डन क्लार्कसनने एकट्याने २८ गुण केले, समोरून कार्ल-अँथनी टाउन्सने २६.

दुसरीकडे कॅनडाने फ्रान्सला ९५-६५ असं धुतलं. फ्रान्स म्हणजे टोकियो ऑलिंपिकचा रौप्यविजेता, हे लक्षात घ्या.

माझी नजर जर्मनीवर आहे. गेल्या वर्षी युरोबास्केटला (युरोपच्या स्पर्धेत) कांस्य मिळालं, आणि कोच गॉर्डन हर्बर्ट याने संघ हातात घेतल्यावर खेळाडूंकडून तीन उन्हाळ्यांचा शब्द घेतलाय. ‘यंदा येतो, पुढच्या वर्षी बघू’ चालणार नाही म्हणून. काल जपानला ८१-६३ हरवलं. पण फ्रान्झ वाग्नरचा घोटा दुखावलाय, ते महागात पडू शकतं.

शेवचिवडा | २६ ऑगस्ट

चला, कुणीतरी काढला धागा! पण काटकोन, जर्मनी? २०१९ ला चीनमध्ये अठरावे आले होते ते. सुवर्ण अमेरिकेचं, बाकीच्यांनी रौप्यासाठी भांडावं. स्टीव्ह कर कोच आणि बाराच्या बारा खेळाडू एनबीएचे, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक लीगचे. विषय संपला.

पिव्होट | २६ ऑगस्ट

विषय एवढ्यात संपत नाही. या बारा जणांतला एकही टोकियोच्या सुवर्णपदकाच्या संघात नव्हता. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात लास वेगासला एकत्र आले आणि महिनाअखेर विश्वचषक. अबू धाबीच्या सराव सामन्यात याच जर्मनीने त्यांच्यावर १६ गुणांची आघाडी घेतली होती. शेवटी अँथनी एडवर्ड्सने ३४ मारले म्हणून ९९-९१ ने सुटले.

शिवाय नियम वेगळे. एनबीए ४८ मिनिटांची, इथे ४० मिनिटं. पाचव्या फाउलला घरी. तीन गुणांची रेषा ६.७५ मीटरवर, म्हणजे एनबीएपेक्षा जवळ, त्यामुळे ज्याचा हात बसलाय त्याला तिथून टाकणं सोपं. डिफेन्सचा धिप्पाड माणूस रिंगखाली तीन सेकंदांपेक्षा जास्त उभा राहिला तरी चालतो, मग आत घुसून चेंडू वरून रिंगमध्ये कोंबणाऱ्यांची पंचाईत. आणि रिंगला लागलेला चेंडू रिंगवरूनच उडवून लावता येतो. एनबीएत आयुष्य गेलेल्या पोराला हे सगळं अंगवळणी पडायला वेळ लागतो.

वरणफळं | २६ ऑगस्ट

मला यातलं ओ की ठो कळत नाही, पण वाचतेय. भारत का नाही यात?

नागपाडा_लेन | २७ ऑगस्ट

ताई, भारत या विश्वचषकात एकदाही पोचलेला नाही. ऑलिंपिकला एकदाच, १९८० ला मॉस्कोला, तेही बऱ्याच देशांनी बहिष्कार टाकला तेव्हा. नाही म्हणायला २०१४ ला वुहानमध्ये आशिया चषकात आपण चीनला त्यांच्याच घरी ६५-५८ हरवलं होतं. तो दिवस आमच्याकडे अजून काढतात लोक.

आमच्या नागपाड्यात मस्तान तलावाच्या वायएमसीए कोर्टवर एके काळी संध्याकाळी उभं राहायला जागा नसायची. अब्बास मुंतसीर तिथलेच, भारताचे कप्तान, अर्जुन पुरस्कार मिळालेले. सिमेंटचं कोर्ट, पडलास तर गुडघा सोलवटलाच. तिथे पहिला धडा एकच: बास्केट कुणीही टाकतो, रिबाउंड (हुकून उडालेला चेंडू) कोण घेतो ते सांग. म्हणून पिव्होटच्या यादीत माझी एक भर. अमेरिकेचा सेंटर, म्हणजे रिंगजवळ खेळणारा, जॅरेन जॅक्सन चांगला ब्लॉकर आहे, पण रिबाउंडला हलका. यांना दणकट संघ भेटू दे, मग बघा.

काटकोन | २८ ऑगस्ट

कालचा दिवस काय होता! ओकिनावात जपान फिनलंडविरुद्ध १८ ने मागे होता आणि ९८-८८ ने जिंकला. युकी कावामुरा, उंची जेमतेम पाच फूट आठ इंच, २५ गुण. एनबीएत खेळणाऱ्या मार्कानेनच्या फिनलंडसमोर! आणि जकार्तात लॅटव्हियाने फ्रान्सला ८८-८६ ने घरी पाठवलं. लॅटव्हियाची लोकसंख्या दोन कोटी नाही, वीस लाखसुद्धा नाही. पहिलाच विश्वचषक, त्यांचा स्टार पोर्झिंगिस दुखापतीमुळे आलेलाच नाही, तरी ही तऱ्हा.

जर्मनीने ऑस्ट्रेलियाला ८५-८२ ने काढलं. वाग्नरशिवाय.

वरणफळं | २८ ऑगस्ट

जपानचा चौथा क्वार्टर काटकोनच्या सांगण्यावरून पाहिला. मला नियम कळत नाहीत पण त्या छोट्या पोराने लांबून टाकलेले बघून मी सोफ्यावरून उठले. मुलगा म्हणतो, आई, तुला काय झालं?

अश्विनी_म्युनिक | २९ ऑगस्ट

इथे माझ्या ऑफिसात विश्वचषक चालू आहे हे दोघांना माहीत आहे. एक मी, दुसरा लिथुएनियाचा. जर्मन लोक फुटबॉलच्या रडण्यात बुडालेत. सामने टेलिकॉमवाल्यांच्या पैसे भरायच्या चॅनेलवर, मग कोण बघणार?

आंद्रेआस ओब्स्ट नावाचा एक आहे तो आमच्या बायर्नचा. बायर्न म्हटलं की सगळ्यांना फुटबॉलच आठवतं, पण त्यांचा बास्केटबॉल संघही आहे आणि तिकिटं परवडतात. एनबीएत कधीच खेळला नाही तो. मान खाली घालून स्क्रीनच्या (वाट अडवून उभ्या सहकाऱ्याच्या) मागून पळत सुटतो, चेंडू हातात येईस्तोवर पाय जमिनीला लागलेले असतात आणि लागल्या लागल्या थ्री (तीन गुणांचा) सुटलेला असतो. डिफेंडर अजून वळतच असतो. लक्ष ठेवा त्याच्यावर.

शेवचिवडा | २९ ऑगस्ट

बायर्नचा खेळाडू अँथनी एडवर्ड्सला भारी पडणार? बरं बरं. हलकेच घ्या.

पिव्होट | ३ सप्टेंबर

दक्षिण सुदानबद्दल कुणी लिहिलंच नाही म्हणून लिहितो. २०११ ला स्वतंत्र झालेला देश. पहिला विश्वचषक. पोर्तो रिकोशी जादा वेळेत हरले, पण चीनला ८९-६९ आणि काल अंगोलाला १०१-७८ हरवून थेट पॅरिस ऑलिंपिकची जागा पटकावली, आफ्रिकेतला सर्वोत्तम संघ म्हणून. लुओल डेंग, जो एनबीएत खेळायचा, तो त्यांच्या महासंघाचा अध्यक्ष. कोच रॉयल आयव्हीदेखील एनबीएतूनच आलेला.

जपाननेही काल केप व्हर्देला ८०-७१ हरवून आशियाकडून ऑलिंपिकची जागा मिळवली.

याच दक्षिण सुदानच्या सामन्यात एक वाईट झालं. सर्बियाच्या बोरिशा सिमानिचला कोपर लागलं आणि शेवटी त्याची एक किडनी काढावी लागली. मुद्दाम मारलेलं नव्हतं, खेळताना लागलं. सर्बियाचा संघ त्याच्यासाठी खेळतोय आता.

नागपाडा_लेन | ३ सप्टेंबर, रात्री

लिथुएनिया ११०, अमेरिका १०४.

मी काही बोलत नाही. फक्त रिबाउंडचा तक्ता उघडून बघा.

शेवचिवडा | ३ सप्टेंबर

अहो पण त्यांनी पहिले नऊच्या नऊ थ्री टाकले! असं रोज होतं का? आणि अमेरिका तरी पुढच्या फेरीत गेलीच आहे, आजच्या हरण्याने काही बिघडत नाही.

पिव्होट | ४ सप्टेंबर

नऊ थ्री पडले हे खरं, पण त्यांचा सेंटर व्हालान्चूनास रिंगखाली ठाण मांडून बसला होता त्याचं काय? पूर्वी हे चाललं असतं कारण अमेरिकेचे बाकी खेळाडू इतके वरचढ असायचे की दहा रिबाउंड कमी पडले तरी फरक पडायचा नाही. आता बाकीचे तेवढे मागे राहिलेले नाहीत.

स्पेनही गेला. गतविजेता. आधी लॅटव्हियाकडून हरला आणि काल कॅनडाकडून ८५-८८.

काटकोन | ६ सप्टेंबर

जर्मनी ८१, लॅटव्हिया ७९. माझ्या हाताला घाम फुटलाय. डेनिस श्रोडर २६ पैकी ४. परत वाचा: २६ फेकी, ४ आत. एवढे चुकल्यावरही टाकत राहायला एक वेगळा निबरपणा लागतो. लॅटव्हियाच्या बेर्तान्सचा शेवटचा थ्री बसला असता तर हा धागा मी आजच बंद केला असता. फ्रान्झ वाग्नर घोटा घेऊन परत आला आणि १६ गुण केले, नाहीतर गेलो होतो.

शेवचिवडा | ६ सप्टेंबर

२६ पैकी ४! आमच्या सोसायटीतला वॉचमन बरा टाकेल. हा तुमचा कप्तान? शुक्रवारी अमेरिकेसमोर काय होणार ते दिसतंय. इटलीला १००-६३ असं चिरडलंय त्यांनी. आणि स्लोव्हेनियाच्या सामन्यात टाइमआउटमध्ये हाच श्रोडर आपल्याच संघातल्या टाइसशी तावातावाने भांडत होता ना? हीच का तुमची ती तीन उन्हाळ्यांची एकजूट?

अश्विनी_म्युनिक | ७ सप्टेंबर

भांडले म्हणून काय झालं? सोळाव्या वर्षापासून एकमेकांना ओळखणारी माणसं भांडणारच. त्या सामन्यात स्लोव्हेनियाला १००-७१ असं लोळवलं, तेही त्यांचा स्टार डॉन्चिच असताना. एक महिन्यापूर्वी भेटलेली माणसं टाइमआउटमध्ये एकमेकांना सांभाळून घेतात, ‘इट्स ओके’ म्हणतात. त्याने डिफेन्स सुधारत नाही.

शेवचिवडा | ७ सप्टेंबर

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

(गोविंदा आला रे! आज दहीहंडीचा आवाज एवढा आहे की टाइप केलेलं मलाच कळेना.)

काटकोन | ८ सप्टेंबर, रात्री ८.१५

जर्मनी ११३ अमेरिका १११

नागपाडा_लेन | ८ सप्टेंबर

🙏

काटकोन | ८ सप्टेंबर, रात्री उशिरा

आता शांतपणे लिहितो.

मध्यंतराला अमेरिका ६०-५९. तिथून तिसऱ्या क्वार्टरमध्ये जर्मनीने ३५ गुण केले, ९४-८४. तोवर अमेरिकेला एकच उपाय सुचत होता: एडवर्ड्सला चेंडू द्या. तो २३ करून गेला, रीव्ह्ज २१, पण दुसऱ्या बाजूला थांबवायचं कुणाला तेच ठरत नव्हतं. वाग्नर २२, टाइस २१, श्रोडर १७. टाइसला तर रिंगखाली मोकळं रान मिळालं.

शेवटच्या दोन मिनिटांत अमेरिका एका गुणावर आली. सगळ्यांना वाटलं, गेला सामना. जर्मनीने चेंडू श्रोडरकडून ओब्स्टकडे फिरवला, आणि अश्विनीने वर लिहिलंय अगदी तसंच झालं. पळत आला, पाय लागले, सुटला. थ्री. चार गुणांची आघाडी. एकूण २४ गुण, सामन्यात सर्वाधिक. बायर्नचा खेळाडू, शेवचिवडासाहेब.

शेवचिवडा | ९ सप्टेंबर

साहेब बिहेब नको. मान्य, चांगले खेळले. पण हा अमेरिकेचा तिसरा संघ आहे. करी, लेब्रॉन, ड्युरंट घरी बसलेत. ते आले असते तर?

पिव्होट | ९ सप्टेंबर

‘आले असते तर’ मध्येच तर सगळं आलं. सर्बियाकडे योकिच नाही, लिथुएनियाकडे साबोनिस नाही, लॅटव्हियाकडे पोर्झिंगिस नाही. जो आला नाही तो संघात नाही.

गेल्या महिन्यात बुडापेस्टला धावपटू नोआ लाइल्स म्हणाला होता ना, एनबीए जिंकणारे स्वतःला जगज्जेते म्हणवतात ते कुठल्या जगाचे? केवढे चिडले होते एनबीएवाले त्याच्यावर. हा सामना झाल्यावर पुन्हा त्याचाच विषय निघालाय.

अंतिम फेरी सर्बियाशी. त्यांनी कॅनडाला ९५-८६ ने काढलं. आणि सर्बियाचा कोच कोण? स्वेतिस्लाव पेशिच, ज्याने १९९३ ला जर्मनीला युरोपचं विजेतेपद मिळवून दिलं होतं. जर्मनीचं आजवरचं एकमेव मोठं सुवर्ण. त्यांच्या सगळ्यात मोठ्या खेळाडूला, नोविट्स्कीलाही ते जमलं नाही, त्याच्या काळात २००२ ला विश्वचषकाचं कांस्य आणि २००५ ला युरोपचं रौप्य.

नागपाडा_लेन | १० सप्टेंबर, दुपारी

कांस्यपदकाचा सामना कुणी पाहिला का? सगळे कोलंबोत भारत-पाकिस्तान बघतायत बहुतेक.

अमेरिका चार गुणांनी मागे, चार सेकंद उरलेत. मिकाल ब्रिजेसला दोन फ्री थ्रो. पहिला आत. दुसरा त्याने मुद्दाम रिंगवर आपटला, चेंडू उडाला तो स्वतःच झेपावून घेतला, तसाच कोपऱ्यात पळाला आणि तिथून थ्री! घड्याळात ०.६ सेकंद. १११-१११. मी आयुष्यभर पोरांना सांगत आलो की हे असं फक्त गप्पांत होतं.

आणि एवढं करून जादा वेळेत हरले, ११८-१२७. कॅनडाचा डिलन ब्रूक्स, ज्याला फक्त मारामारीसाठी ओळखतात, त्याचे ३९ गुण. कॅनडाचं विश्वचषकातलं पहिलं पदक. अमेरिका चौथी.

वरणफळं | १० सप्टेंबर, संध्याकाळी

कोलंबोत पाऊस. भारत २४.१ षटकांत २ बाद १४७, कोहली आणि राहुल आत जाऊन बसलेत. नवऱ्याला म्हटलं, लाव आता माझा बास्केटबॉल. पहिल्यांदाच रिमोट सुखासुखी मिळाला.

काटकोन | १० सप्टेंबर, रात्री

जगज्जेते! जर्मनी ८३, सर्बिया ७७. आठपैकी आठ सामने जिंकून.

मध्यंतराला ४७-४७. तिसऱ्या क्वार्टरमध्ये सर्बियाला अवघे १० गुण दिले, आणि सामना तिथेच फिरला. चौथ्यात सर्बिया चिवटपणे परत आली, अव्रामोविचने २१ केले. शेवटी अगदी हाताशी आलेले असताना श्रोडर स्वतः आत घुसला आणि बोर्डवर लावून टाकला. २८ गुण, स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू. चार दिवसांपूर्वी २६ पैकी ४ टाकणारा हाच. हर्बर्टने त्या दिवशी त्याला बाहेर बसवलं असतं तर आज हा माणूस असा खेळला असता का, मला नाही वाटत.

मला या संघातलं जे आवडलं ते हेच. वाग्नर नसताना चार सामने काढले, कप्तानाचा हात चालत नसताना एक काढला, ओब्स्टच्या हातांनी अमेरिकेला काढलं. कोण कुठे उभं राहणार आणि कुणाला कधी राग येणार हे त्यांना पाठ आहे. एनबीएचे किती खेळाडू कुणाकडे, हे मोजून सामन्याचा अंदाज बांधणारे सगळे (मी नाव घेत नाही) यंदा तोंडावर आपटले.

शेवचिवडा | १० सप्टेंबर

नाव घेतलं तरी चालेल. अभिनंदन! पण पॅरिसला अमेरिका बदला घेणार, लिहून ठेवा.

अश्विनी_म्युनिक | ११ सप्टेंबर

अंतिम सामना झेडडीएफ चॅनेलने ऐनवेळी घेतला म्हणून सगळ्यांना फुकट बघता आला. काल इथे दुपारी पावणेतीनला होता. ट्राममध्ये पहिल्यांदाच दोन अनोळखी माणसं एका फोनवर बास्केटबॉल बघताना दिसली.

पण बिचाऱ्यांचं नशीब बघा. शनिवारी जर्मनीची फुटबॉल टीम जपानकडून १-४ हरली आणि काल रविवारीच कोच हान्सी फ्लिकला काढला. म्हणजे देश पहिल्यांदा बास्केटबॉलचा जगज्जेता झाला त्याच दिवशी मोठी बातमी फुटबॉलची! ऑफिसात आज सकाळी सगळे फ्लिकवरच. फक्त लिथुएनियन सहकारी कॉफीचा कप वर करून माझ्याकडे बघून हसला.

वरणफळं | ११ सप्टेंबर

श्रोडर ब्राउनश्वाइगचा, आई गाम्बियाची, असं वाचलं आज. मुलाला शाळेच्या बास्केटबॉलला घालायचं ठरवलंय. पुण्यात शिकवणीसारखं कुठे आहे का? डेक्कन जिमखान्याशिवाय, तिथे आमच्याकडून जायचं म्हणजे ट्रॅफिक.

शेवचिवडा | १५ ऑगस्ट २०२४

धागा वर काढतोय. लिहून ठेवा म्हणालो होतो ना? पॅरिस: अमेरिका सुवर्ण, फ्रान्सला ९८-८७. करी, लेब्रॉन, ड्युरंट सगळे आले आणि आले की काय होतं ते दिसलं. तुमची जर्मनी चौथी.

पिव्होट | १५ ऑगस्ट २०२४

सगळे आले आणि उपांत्य फेरीत सर्बियाविरुद्ध हरता हरता ९५-९१ ने वाचले. त्याआधी लंडनच्या सराव सामन्यात दक्षिण सुदानला १०१-१००! एका गुणाने. करी असूनही. तीन महान खेळाडू एकाच वेळी घरून बोलावून आणावे लागले, यातच २०२३ चं उत्तर आहे.

जर्मनी यजमान फ्रान्सकडून ६९-७३ हरली आणि कांस्यात सर्बियाने मागचा हिशेब चुकता केला, ९३-८३.

काटकोन | १५ सप्टेंबर २०२५

आणखी एकदा वर काढतो, रागावू नका. काल रिगात युरोबास्केटची अंतिम फेरी: जर्मनी ८८, तुर्की ८३. हर्बर्ट पॅरिसनंतर गेला. नवा कोच अलेक्स मुम्ब्रू स्पर्धेच्या काळातच आजारी पडला, बेंचवरून सहायक इब्राहिमागिचने संघ चालवला. कोच बदलला, तोही आजारी, मोरिट्झ वाग्नर जायबंदी, तरी श्रोडर, फ्रान्झ वाग्नर, टाइस, बोंगा, ओब्स्ट, लो तेच. अंतिम सामन्यात बोंगाचे २० गुण, आणि शेवटची मिनिटं पुन्हा श्रोडरच्या हातात.

शेवचिवडा | १५ सप्टेंबर २०२५

कालही भारत-पाकिस्तान होतं, दुबईला! यांना दरवेळी हाच रविवार कसा सापडतो?

आता अमेरिका २०२७ ला दोहात काय करते बघू. त्यांना यंदा तरी सेंटर आणायला सांगा कुणीतरी.

नागपाडा_लेन | १६ सप्टेंबर २०२५

दोहाचं म्हणाल तर आपली पात्रता फेरी नोव्हेंबरात सुरू होतेय, पहिली गाठ सौदी अरेबियाशी. नवीन धागा मी काढतो. वरणफळं ताई, मुलगा खेळतोय का अजून?

वरणफळं | १६ सप्टेंबर २०२५

खेळतोय. गार्ड आहे. रिबाउंडला जात नाही, तेवढं तुम्ही समजवा.